शाळेतून मुलाच्या वागण्याची तक्रार आली तर: कारण कसे शोधावे आणि काय करावे

"वर्गात एका जागी बसत नाही." "शेजारच्या मुलांना मारतो." "वहीत काही लिहीतच नाही." "शाळेत एक शब्द बोलत नाही." शाळेतून असा निरोप आला की घरात साधारण दोनच गोष्टी घडतात. मुलाला मार बसतो, नाहीतर "सगळी मुले अशीच असतात" म्हणून विषय सोडून दिला जातो. या दोन्हींमुळे खरे कारण तसेच राहते.

डॉक्टर म्हणून आम्ही मुलाच्या वागण्याकडे तापासारखे पाहतो. ताप हा स्वतः आजार नसतो, तो आत काहीतरी चालू असल्याची खूण असतो. तापाचे कारण मलेरिया, टायफॉइड किंवा साधी सर्दी असू शकते आणि प्रत्येकाचा उपचार वेगळा असतो. वागण्याचेही तसेच आहे. वर्गात दंगा करणाऱ्या दोन मुलांची कारणे पूर्णपणे वेगळी असू शकतात. म्हणून आधी कारण शोधायचे, मग उपाय करायचा. हा लेख पोलादपूर, महाड आणि आसपासच्या पालकांना डोळ्यांसमोर ठेवून लिहिला आहे, पण त्यातील बहुतेक गोष्टी कुठल्याही पालकाला उपयोगी पडतील.

कोणते वागणे काळजीचे?

सगळीच मुले कधी ना कधी हट्ट करतात, खोटे बोलतात, भांडतात. पुढील चार प्रश्न स्वतःला विचारा:

- हे वागणे काही आठवड्यांपासून सतत चालू आहे का?
- त्यामुळे मुलाचा अभ्यास, मैत्री किंवा घरातली शांतता बिघडली आहे का?
- त्याच्या वयाच्या इतर मुलांपेक्षा हे खूप जास्त आहे का?
- आधी नीट असलेले मूल अचानक बदलले आहे का?

यांपैकी एकाचेही उत्तर "हो" असेल तर लक्ष घालायला हवे. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर "हो" असेल तर थांबू नका. अचानक बदलामागे बहुधा काहीतरी घडलेले असते.

आणखी एक गोष्ट. तक्रार नेहमी दंगा करणाऱ्या मुलाचीच येते. मागच्या बाकावर गप्प बसणारे, डबा न खाणारे, दर सोमवारी सकाळी पोटात दुखते म्हणणारे मूल कुणाला त्रास देत नाही, म्हणून त्याची तक्रार कुणी करत नाही. पण त्यालाही तितकीच मदत हवी असते.

पहिले पाऊल: दोन आठवडे वहीत नोंद

डॉक्टरांकडे जाण्याआधी एक साधी वही करा. शिक्षकांनाही अशीच नोंद ठेवायला विनंती करा. प्रत्येक वेळी तीनच गोष्टी लिहायच्या:

1. त्याआधी काय चालले होते? (कोणता तास, कोण जवळ होते, काय सांगितले होते)
2. मुलाने नेमके काय केले? ("मस्ती केली" असे मोघम नको, "पुस्तक फेकले" असे लिहा)
3. त्यानंतर काय झाले? (कोण काय म्हणाले, मुलाला काय मिळाले किंवा काय टळले)

समजा, चौथीतला एक मुलगा मराठीच्या तासाला पुस्तक फेकतो. शिक्षक त्याला वर्गाबाहेर उभे करतात. घरी कळल्यावर वडील मारतात. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. दोन आठवड्यांची नोंद पाहिली तर दिसते की गणिताच्या आणि खेळाच्या तासाला तो ठीक असतो. मोठ्याने वाचायची पाळी जवळ आली की पुस्तक उडते. म्हणजे या मुलाला वाचता येत नाही आणि सगळ्यांसमोर ते उघडे पडू नये म्हणून तो धडपडतो आहे. वर्गाबाहेर उभे राहणे ही त्याच्यासाठी सुटका आहे. जितक्या वेळा बाहेर काढले, तितक्या वेळा त्याला कळले की पुस्तक फेकले की वाचावे लागत नाही. इथे शिक्षा वाढवून काहीच होणार नाही. वाचन का येत नाही हे तपासावे लागेल.

नोंदीत कुठला ना कुठला नमुना दिसतोच: ठरावीक तास, ठरावीक मूल, दुपारचे जेवण झाल्यावर, शनिवारी, किंवा पाऊस जोरात लागला की.

दुसरे पाऊल: शरीराची तपासणी

"ऐकत नाही" अशी तक्रार असलेल्या मुलाला खरोखर ऐकू येते का, हे आधी पाहायला हवे.

कान. सर्दी वारंवार होणाऱ्या, कान वाहणाऱ्या मुलांच्या कानात पडद्यामागे पाणी साठून ऐकू कमी येते. असे मूल समोरून बोलले तर समजते, पाठीमागून हाक मारली तर ओ देत नाही. टीव्हीचा आवाज मोठा करते. कानात तेल घालू नका, डॉक्टरांना दाखवा.

डोळे. फळ्यावरचे दिसत नसले की मूल शेजाऱ्याच्या वहीत डोकावते, उठून पुढे जाते किंवा कंटाळून दंगा करते. लहान मुलाला आपल्याला कमी दिसते हे कळतच नाही. त्याला वाटते, सगळ्यांना असेच दिसते.

रक्त आणि जंत. रक्त कमी असलेले मूल थकते, चिडते, लक्ष देऊ शकत नाही. शाळेत मिळणाऱ्या लोहाच्या आणि जंताच्या गोळ्या घरी "उष्ण पडतात" म्हणून टाळू नका.

झोप. सहा ते बारा वर्षांच्या मुलाला दिवसाला 9 ते 12 तास झोप लागते. रात्री मोबाइल पाहून अकराला झोपणारे आणि शाळेसाठी सहाला उठणारे मूल वर्गात चिडचिडे होणारच. मोठे मूल पेंगते, लहान मूल मात्र झोप अपुरी झाली की उलट जास्त धावपळ करते. रोज जोरात घोरणाऱ्या, तोंड उघडे ठेवून झोपणाऱ्या मुलाचे टॉन्सिल आणि नाकामागच्या गाठी तपासून घ्या.

फिटचा एक शांत प्रकार. यात मूल पडत नाही, झटके येत नाहीत. बोलता बोलता, लिहिता लिहिता काही सेकंद थांबते, एकटक पाहते, हाक मारली तरी प्रतिसाद देत नाही आणि मग काही घडलेच नाही असे पुढे चालू करते. हे दिवसात अनेकदा होऊ शकते. शिक्षकांना वाटते, मूल स्वप्नात आहे. मेंदूचा आलेख (ईईजी) काढून निदान होते आणि औषधांनी बहुतेक मुलांना चांगला गुण येतो.

तिसरे पाऊल: शिकण्यातील आणि लक्षातील अडचणी

अध्ययन अक्षमता. मूल बोलण्यात, व्यवहारात हुशार असते, पण वाचन, लेखन किंवा गणित यांपैकी एखादी गोष्ट खूप प्रयत्न करूनही जमत नाही. अक्षरे उलटसुलट होतात, काना-मात्रा गळतात, तोंडी उत्तर येते पण लिहिता येत नाही. "तारे जमीन पर" या 2007 च्या चित्रपटामुळे हा विषय अनेक घरांत पोहोचला. पक्के निदान साधारण आठ वर्षांनंतर होते, पण मदत त्याआधीच सुरू करता येते. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा 2016 मध्ये या अडचणीचा समावेश आहे. प्रमाणपत्र मिळाल्यास दहावी-बारावीच्या परीक्षेत जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात.

अतिचंचलता आणि लक्ष न लागणे (एडीएचडी). यात मेंदूची स्वतःला आवरण्याची क्षमता वयाच्या मानाने कमी विकसित झालेली असते. निदानासाठी लक्षणे किमान सहा महिने असावी लागतात, बारा वर्षांच्या आधी सुरू झालेली असावी लागतात आणि घर व शाळा अशा दोन्ही ठिकाणी दिसावी लागतात. फक्त शाळेतच दंगा करणाऱ्या मुलात आधी शाळेतले कारण शोधावे. मूल मोबाइलवर दोन तास शांत बसते म्हणून एडीएचडी नाही, असे म्हणता येत नाही. सतत बदलणारी चित्रे लक्ष आपोआप खेचून घेतात.

बौद्धिक वाढ मंद असणे, स्वमग्नता, चिंता, नैराश्य हीही कारणे असू शकतात. मुलांमधले नैराश्य रडण्यापेक्षा चिडचिडीतून जास्त दिसते, हे लक्षात ठेवा.

आपल्या भागातली काही खास कारणे

पाऊस, पूर आणि दरड. 22 जुलै 2021 रोजी महाड तालुक्यातील तळीये गावावर दरड कोसळून 80 हून अधिक माणसे गेली. त्याच काळात पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडी येथेही दरडी आल्या आणि महाड शहर पुराच्या पाण्यात बुडाले. जुलै 2023 मध्ये खालापूर तालुक्यात इर्शाळवाडीची दुर्घटना घडली. अशा प्रसंगातून गेलेली किंवा घरात त्याच्या गोष्टी सतत ऐकलेली मुले आज शाळेत आहेत.

लहान मूल "मला भीती वाटते" असे सांगत नाही. ते वागण्यातून सांगते. पाऊस जोरात लागला की शाळेला जायला नकार देते, वर्गाचे दार लावले की रडते किंवा मारायला उठते, रात्री दचकून जागे होते, अंथरूण ओले करू लागते, खेळताना पुन्हा पुन्हा घर पडण्याचाच खेळ खेळते. वर्षाचे आठ महिने शांत असलेले मूल जून ते सप्टेंबरमध्येच बिघडत असेल तर हे कारण नक्की तपासा.

अशा मुलाला "काही होत नाही, घाबरट कुठला" म्हणू नका. भीती खरी आहे हे मान्य करा. इशारा आला तर आपण कुठे जाणार, कोण शाळेत घ्यायला येणार, हे आधीच शांतपणे ठरवून सांगा. शिक्षकांना विनंती करा की त्याला दाराजवळ बसू द्यावे आणि फार घाबरला तर कोणाकडे जायचे ते एक माणूस ठरवून द्यावा. घडलेले सांगायची जबरदस्ती करू नका, पण तो बोलू लागला तर विषय बदलू नका. त्रास महिन्याहून अधिक टिकला तर तज्ज्ञांची मदत घ्या. अशा भीतीवर बोलण्याचे आणि खेळातून करायचे उपचार उपलब्ध आहेत.

लांब असलेले वडील. इथल्या अनेक घरांतील कमावती माणसे मुंबई, ठाणे, सुरत येथे असतात. मुले आईकडे किंवा आजी-आजोबांकडे वाढतात. गणपतीला आणि शिमग्याला चाकरमानी येतात, घर भरते, लाड होतात आणि मग घर पुन्हा रिकामे होते. त्यानंतरचा आठवडा-दोन आठवडे मूल शाळेत बिघडणे स्वाभाविक आहे. निघण्याची तारीख मुलाला आधी सांगा. झोपेत असताना गुपचूप निघून जाऊ नका, त्याने विश्वास तुटतो. वडिलांचा फोन रोज ठरलेल्या वेळी यावा, पाच मिनिटांचा का होईना, आणि त्यात "अभ्यास केलास का?" याखेरीजही काही बोलणे असावे. "बाबांना सांगेन हं" ही धमकी मुलाच्या मनात बाप आणि शिक्षा यांची जोडी घालते.

स्थलांतर आणि भाषा. वीटभट्टीवर किंवा कामासाठी कुटुंबासोबत जाणाऱ्या मुलांची शाळा दरवर्षी काही महिने सुटते. परत आल्यावर धडा पुढे गेलेला असतो. घरची बोली वेगळी असेल तर पुस्तकातली मराठीही परकी वाटते. आश्रमशाळेत नव्याने गेलेल्या मुलाला घराची ओढ असते. ही मुले "ढ" नसतात, त्यांचा मधला दुवा तुटलेला असतो.

घरातले वातावरण. दारू, भांडणे, कर्ज, आजारपण यांचा भार मूल दप्तरासोबत शाळेत नेते. महाडच्या औद्योगिक वसाहतीत पाळीचे काम करणाऱ्या घरांत झोपेच्या वेळा विस्कटलेल्या असतात, त्याचाही परिणाम होतो.

शाळेतला त्रास. चिडवणे, जातीवरून बोलणे, मोठ्या मुलांची दादागिरी, शिक्षकांची भीती. "शाळेत कोणी त्रास देते का?" असे थेट विचारले तर मूल "नाही" म्हणते. "आज मधल्या सुट्टीत कोणासोबत होतास?" असे विचारून पाहा.

शिक्षकांशी कसे बोलावे?

मुलासमोर भांडण नको. सर किंवा बाईंना वेळ विचारून भेटा आणि वही सोबत न्या. पुढील प्रश्न उपयोगी पडतात:

- तो कोणत्या तासाला सर्वांत चांगला असतो?
- नेमके काय केल्यावर शांत होतो?
- कोणासोबत बसल्यावर त्याचे काम होते?
- आपण दोघे मिळून पहिल्यांदा कोणती एकच गोष्ट सुधारायची?

शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. दहा गोष्टी एकदम सुधारत नाहीत. एक निवडा, उदाहरणार्थ "हात उचलायचा नाही". एका छोट्या कार्डावर दिवसाचे तीन भाग करा: सकाळ, मधल्या सुट्टीपर्यंत, शाळा सुटेपर्यंत. प्रत्येक भागात जमले तर शिक्षक एक खूण करतील. घरी कार्ड पाहून लगेच कौतुक करा. ठरवलेल्या खुणा मिळाल्या तर छोटे बक्षीस द्या: आवडीची भाजी, आजोबांसोबत नदीपर्यंत फेरी, रात्री एक गोष्ट जास्त. पैसे किंवा मोबाइल देऊ नका. सुरुवातीला लक्ष्य सोपे ठेवा, म्हणजे पहिल्याच आठवड्यात मुलाला यश मिळेल.

शाळेत मार बसत असेल तर हे माहीत असू द्या: शिक्षण हक्क कायदा 2009 च्या कलम 17 नुसार मुलाला शारीरिक शिक्षा किंवा मानसिक त्रास देण्यास बंदी आहे. आधी शिक्षकांशी, मग मुख्याध्यापकांशी बोला. शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालकच असतात, तिथेही हा विषय मांडता येतो.

घरी काय करावे?

- रोज 10-15 मिनिटे फक्त त्या मुलासाठी द्या. त्या वेळात उपदेश नको, चौकशी नको.
- सूचना एका वेळी एकच आणि छोटी द्या. जवळ जाऊन, नजर मिळवून सांगा. स्वयंपाकघरातून ओरडून सांगितलेले पोहोचत नाही.
- नुसते "शहाणा" म्हणण्यापेक्षा नेमके सांगा: "राग आला होता, तरी तू बहिणीला मारले नाहीस. छान केलेस."
- घरातल्या सगळ्यांचा नियम एकच ठेवा. आई नाही म्हणते आणि आजी गुपचूप देते, असे झाले की मूल हट्ट वाढवते.
- चुकीची शिक्षा छोटी, लगेच आणि आधी सांगितलेली असावी. उदाहरणार्थ, बॅट आपटली तर आजचा दिवस बॅट बंद.
- भावंडांशी, शेजारच्या मुलाशी तुलना नको. "पोलिसाला देईन", "डॉक्टर सुई टोचतील" अशा धमक्याही नकोत.

मार का नको? मारल्यावर मूल त्या क्षणी थांबते, म्हणून उपाय लागू पडला असे वाटते. पण काय करायला हवे होते ते त्याला कळत नाही. राग आला की हात उचलायचा, हे मात्र पक्के कळते आणि तेच ते वर्गात करते.

एक पूर्वसूचना: नवीन पद्धत सुरू केल्यावर पहिले काही दिवस वागणे अधिक बिघडू शकते. जुना हट्ट चालतो का, हे मूल तपासून पाहते. तेव्हा माघार घेऊ नका. किमान चार ते सहा आठवडे सातत्य ठेवा.

कुठे दाखवावे?

- शाळेत येणारे आरोग्य पथक: राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली पथक शाळेत येऊन 18 वर्षांपर्यंतच्या मुलांची मोफत तपासणी करते. तपासणीच्या दिवशी मूल घरी ठेवू नका. तुमची शंका चिठ्ठीवर लिहून शिक्षकांकडे द्या.
- प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा ग्रामीण रुग्णालय: कान, डोळे, रक्त यांची पहिली तपासणी इथून सुरू करा आणि पुढे पाठवायची चिठ्ठी मागा.
- जिल्हा रुग्णालय, अलिबाग: बालरोग व मानसोपचार तज्ज्ञांच्या सल्ल्यासाठी. प्रवास लांबचा आहे, म्हणून नोंदवही, शाळेची प्रगतिपुस्तके आणि शिक्षकांची चिठ्ठी सोबत न्या. त्याने फेऱ्या वाचतात.
- मुंबईत नातेवाईक असतील तर: शीव आणि केईएम या महापालिका रुग्णालयांत अध्ययन अक्षमतेची तपासणी होते.
- टेलिमानस, 14416: मानसिक आरोग्यासाठी सरकारची मोफत फोनसेवा, चोवीस तास, मराठीतही.

घरात कोणी "बाहेरचे आहे, नजर लागली आहे" म्हणत असेल तर वाद घालण्यात वेळ घालवू नका. श्रद्धेचे जे असेल ते असो, पण त्यासाठी तपासणी लांबवू नका आणि मुलाला चटके, उपवास किंवा मारहाण होऊ देऊ नका.

औषधांबद्दल

वागण्याच्या बहुतेक अडचणींना औषध लागत नाही. एडीएचडी जास्त तीव्र असेल तर साधारण सहा वर्षांनंतर तज्ज्ञ औषध सुचवतात. ते झोपेचे औषध नसते, लक्ष टिकवायला मदत करणारे असते. भूक किंवा झोप कमी होऊ शकते, म्हणून वजन-उंची नियमित मोजतात. दुकानातून स्वतःहून "मेंदूचे टॉनिक" आणू नका आणि चालू औषध न विचारता बंद करू नका.

ताबडतोब मदत कधी घ्यावी?

- मूल मरण्याबद्दल बोलते, स्वतःला इजा करते. अशा वेळी कीटकनाशके आणि औषधे कुलपात ठेवा, मुलाला एकटे सोडू नका.
- प्राण्यांना किंवा लहान मुलांना गंभीर इजा करते, आग लावते.
- अचानक गप्प झाले, ठरावीक माणसाला किंवा जागेला घाबरते, लैंगिक विषयाचे वयाला न शोभणारे बोलते, लघवीच्या जागी दुखते म्हणते. लैंगिक अत्याचाराची शक्यता ध्यानात घ्या. मुलावर विश्वास ठेवा, त्याची उलटतपासणी करू नका. पॉक्सो कायदा 2012 नुसार तक्रार करता येते. बालकांसाठीची मदत फोनसेवा 1098 आहे.
- शुद्ध हरपते, झटके येतात, किंवा आधी येणाऱ्या गोष्टी येईनाशा होतात.

पालक नेहमी विचारतात

*मानसोपचार तज्ज्ञांकडे नेले तर मुलाला वेडा म्हणतील का?*
तपासणीची माहिती गोपनीय राहते. निदान न झालेल्या मुलालाच गाव आणि वर्ग "वांड", "ढ" अशी नावे देतात आणि ती नावे चिकटतात.

*शाळा बदलावी का?*
कारण कळल्याशिवाय नको. वाचता न येणारे मूल नव्या शाळेतही वाचू शकणार नाही. मात्र सध्याच्या शाळेत छळ होत असेल आणि दाद मिळत नसेल तर बदलणे योग्य.

*मोठे झाल्यावर आपोआप सुधारेल का?*
साधा खोडकरपणा कमी होतो. अध्ययन अक्षमता, न कळलेली बहिरेपणाची अडचण किंवा मनात बसलेली भीती आपोआप जात नाही. दरवर्षी अभ्यास वाढतो आणि मूल आणखी मागे पडते. आठवी-नववीत शाळा सोडणाऱ्या कित्येक मुलांची अडचण तिसरी-चौथीतच दिसू लागलेली असते.

म्हणून पुढच्या वेळी शाळेतून निरोप आला की मुलाला जवळ बसवा आणि "असे का केलेस?" याऐवजी "त्याआधी काय झाले होते?" असे विचारा. त्याचे उत्तर वहीत लिहा. उपचाराची सुरुवात तिथूनच होते.

*हा लेख माहितीसाठी आहे. मुलाचे निदान आणि उपचार प्रत्यक्ष तपासणीनंतरच ठरवावेत.*